साखळ्या जातात तिथं

"गाय घ्यायचीय, की नुसती साखळी?"

गायवाल्यानं असं विचारल्यावर थिर्झा विलेट्सनं हात मागं घेतला. तांबड्या अंगाची, पांढऱ्या तोंडाची गाय होती. तिच्या गळ्यातली साखळी थिर्झानं मघापासून दोन बोटांत धरून ठेवली होती. उजव्या डोळ्यानं हल्ली नीट दिसत नसे, म्हणून ती इतकी वाकली होती की गाईचा श्वास तिच्या टोपीला लागत होता.

"बघत होते," ती म्हणाली.

"दूध त्या टोकाला असतं बाई." आजूबाजूचे दोघंतिघं हसले. "कुठल्या तुम्ही?"

"क्रॅडलीची."

"मग बरोबर. धुरातल्या माणसांनी गाय कुठं बघितलीय."

"ही साखळी मी केलीय," थिर्झा म्हणाली.

"आणि गाय मी केलीय," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग होते, जुन्यावर नवे, नव्यावर त्याहून नवे. त्यानं हसणं आवरलं. "कशावरून म्हणता?"

"मी डावरी आहे. कडीच्या सांध्यावर माझा शेवटचा घाव उलट्या अंगानं पडतो. नवरा त्यावरून जन्मभर बोलला मला."

गायवाल्यानं वाकून कडी पाहिली. त्याला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यानं गाईचं तोंड हळूच तिच्याकडं वळवलं, घरी आलेल्या पाहुण्याला पोर दाखवावं तसं.

मंगळवार होता, म्हणजे आर्डबरीचा बाजार. चर्चच्या भिंतीपासून ते खालच्या चौकापर्यंत गुरंच गुरं होती, आणि ज्या मानेकडं पाहावं तिच्यात साखळी होती. बैलाच्या नाकातल्या वेसणीला साखळी, गाडीच्या फळीला साखळी, कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला बोटभर साखळी. थिर्झानं कळायला लागल्यापासून साखळ्याच केल्या होत्या. आधी आईच्या भट्टीवर भाता ओढला, मग घराच्या मागच्या अंगणात स्वतःची ऐरण मांडली. लोखंडाच्या सळया यायच्या, साखळ्या होऊन शनिवारी दलालाच्या गाडीतून जायच्या. गाडी कोपऱ्यावर वळली की साखळी संपली. पुढं तिचं काय होतं, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. विहिरीत टाकलेल्या दगडाचं पुढं काय होतं, असं कोण विचारतं? आणि त्या साखळ्या इथं होत्या. इथं त्या उबदार होत्या, मानेच्या केसांनी गुळगुळीत झालेल्या होत्या, आणि त्यांना शेणाचा नि गवताचा वास येत होता.

"तुम्ही लीयाच्या आई ना?"

मागं एक उंच, खांदे उतरते असलेला माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

"मी एलाय प्रीस. लीयानं सांगितलं होतं, सगळा बाजार गुरं बघत असेल तेव्हा जी बाई लोखंड बघत असेल, ती माझी आई."

जावयाला ती पहिल्यांदा पाहत होती. लग्नाला ती आली नव्हती.

घोडागाडी गाव सोडून चढणीला लागली. एलाय बिचारा आपला काही ना काही दाखवत होता, हे गॉडसॉल मालकांचं रान, ती त्यांची सफरचंदांची बाग. ती मान हलवत होती. रस्त्याच्या कडेच्या झुडपाचं एक पान तिनं तोडलं आणि बोटानं पुसलं. बोटाला काहीच लागलं नाही. तिनं दुसरं तोडलं, तेही पुसलं.

"काय झालं आई?"

"काही नाही. स्वच्छ आहेत."

"पानं ना? हो," एलाय म्हणाला.

चढ संपला आणि खालचं सगळं खोरं एकदम उघडं पडलं. शेतांचे तुकडे एकमेकांना शिवल्यासारखे, मध्ये नदीची वळणं, आणि पलीकडं टेकड्यांमागं टेकड्या, शेवटची तर इतकी निळी की ती जमीन आहे की आभाळ ते ठरवता येईना. क्रॅडलीत समोरच्या भिंतीपलीकडं डोळा कधी गेला नव्हता. एवढं लांब पाहायची त्याला सवयच नव्हती. तो जाई आणि भांबावून परत येई. पलीकडच्या उतारावर पांढरे दगड विखुरलेले तिला दिसले. मग त्यातला एक दगड चालू लागला.

"मेंढ्या आहेत त्या," एलाय म्हणाला.

"मला माहितेय," थिर्झा म्हणाली. माहीत नव्हतं.

घोडा दमला म्हणून एलायनं गाडी थांबवली, आणि चाकांचा आवाज बंद झाल्यावर थिर्झाला हातोडे ऐकू आले. बारीक, लांबून, एकामागून एक. तिनं इकडंतिकडं पाहिलं. कुठंच काही नव्हतं. ते तिच्या कानातच होते. इतकी वर्षं बाहेरच्या आवाजात मिसळलेले असायचे, म्हणून ते आपल्या आत असतात हे तिला कळलंच नव्हतं. ती घाबरली नाही. नुसती बसून राहिली, या एवढ्या मोठ्या शांततेत आपणच तेवढा आवाज घेऊन आलो, म्हणून थोडी ओशाळली.

ती इथं एक वाक्य घेऊन आली होती. मागच्या वसंतात नवरा गेला. भट्टीवर आता ती एकटी होती, आणि ठिणगी लागून उजवा डोळा दिवसेंदिवस विझत चालला होता. सांधा पांढराशुभ्र तापलाय की अजून पिवळाच आहे, हे एका डोळ्यानं कळत नाही. सांधा थंड राहिला तर कडी कच्ची राहते. हाताशी दुसरं माणूस हवं होतं. लीयाचा हात तिच्याहून सरस होता. चार वर्षांपूर्वी ती गल्लीतल्या बायकांबरोबर बिअरमध्ये घालतात ती हॉप्सची फुलं तोडायला म्हणून या बाजूला आली, आणि सगळ्या परत आल्या तरी ती परतली नाही. त्याच्या आदल्या रात्री मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "ऐरणीला बांधून घ्यायला मी गाढव नाही," असं लीया म्हणाली होती. "मग माझ्या दारात उभी राहू नको," असं थिर्झा म्हणाली होती. आता तिचं वाक्य होतं, लीया, घरी चल, नवऱ्यालाही आण, त्याला गिरणीत काम मिळेल. आगगाडीत तिनं ते ओठांतल्या ओठांत कितीतरी वेळा म्हणून पाहिलं होतं.

लीया दारातच उभी होती. तिला दिवस गेलेले होते. पोट चांगलंच दिसत होतं. ते थिर्झाला कुणी कळवलं नव्हतं.

"वाळलीस," लीया म्हणाली.

"तू नाही वाळलीस."

"आत ये. पाय पूस, कालच फरशी घासलीय."

एवढंच झालं. चहा झाला, डुकराच्या मांसाचे काप झाले, सफरचंदाचं सारण भरून भाजलेली कणकेची पोळी झाली. एलाय एकटाच बोलत होता, आणि दोघींकडं आळीपाळीनं बघत होता, दोन अनोळखी घोड्या एका तबेल्यात बांधल्यावर बघावं तसं. थिर्झाचं वाक्य घशाशी येई आणि चहाच्या घोटाबरोबर खाली जाई.

दुसऱ्या दिवशी दुपारचं खाणं घेऊन दोघी शेतावर गेल्या. एलाय टेकडीच्या उतारावर नांगरत होता. एकामागं एक असे तीन घोडे, प्रत्येकाची पाठ थिर्झाच्या डोक्याहून उंच. पायांवर केसांच्या झालरी, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी गळपट्ट्यापासून नांगरापर्यंत साखळ्या. घोडे वळले की साखळ्या सैल पडायच्या, किणकिणायच्या. पुढं निघाले की ताणून एकदम गप्प व्हायच्या. मागं जमीन उलटत होती, ओली, तांबडी, चकाकती. अख्खी टेकडी कूस बदलत होती.

"आई, काय बघतेस?"

"गप जरा."

वरच्या बांधाजवळ फाळ कशात तरी रुतला. घोडे थांबले नाहीत. एलायनं हाक दिली तसे ते आणखी वाकले. पुढचा घोडा गुडघ्यांवर येतो की काय असं वाटलं. साखळ्या वर उचलल्या गेल्या, सरळ झाल्या, आणि त्यांतून एक बारीक सूर निघू लागला. तो सूर थिर्झाला ठाऊक होता. यातली एक कडी कुणी घाईत केलेली असली, एक सांधा थंड राहिलेला असला, तर साखळी तुटून चाबकासारखी मागं येणार होती, आणि मागं एलाय उभा होता. तीन घोड्यांचं बळ आणि टेकडीचा हट्ट यांच्यामध्ये अंगठ्याएवढ्या जाडीचं लोखंड होतं, आणि ते कुठल्यातरी अंगणात, कुठल्यातरी बाईनं, पोर पाळण्यात रडत असताना ठोकलेलं होतं. आपण आयुष्यभर काय करत होतो, हे तिला त्या क्षणी दिसलं. तिनं लीयाचा दंड धरला. लीयानं तो सोडवून घेतला नाही.

मातीतून कडाड असा आवाज आला. मांडीएवढं मूळ पांढरं फुटून वर आलं, घोडे चार पावलं धडपडत पुढं गेले आणि साखळ्या सैल पडल्या.

"दर वर्षी हे मूळ नडतं," एलाय घाम पुसत, हसत आला. "घाबरलात काय आई? साखळी चांगली असली की काही होत नाही."

थिर्झा घोड्याजवळ गेली. त्याची बरगडी भात्यासारखी वरखाली होत होती. तिनं साखळी हातात घेऊन कड्या एकेक करून चाचपल्या.

"तुझी नाहीय ती," लीया मागून म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी पाहिलं. उजव्या हाताची आहे."

"आपल्या शेजारच्या बेट्सीची असेल. नाहीतर तिच्या आईची." थिर्झानं कडी सोडली नाही. "चांगली केलीय."

नांगरलेल्या तासांवर कुठूनसे पांढरे पक्षी उतरू लागले, आधी दहापाच, मग थवेच्या थवे, घोड्यांच्या पायांतून बिनधास्त. समुद्रावरून येतात म्हणे, एलायनं सांगितलं. समुद्र किती लांब आहे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. नांगर लागला की त्यांना कळतं. थिर्झा तोंड उघडं टाकून पाहत राहिली. ताज्या तांबड्या मातीवर ती पांढरी पंखांची उघडझाप पाहताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आश्चर्य म्हणजे दोन्ही डोळ्यांतून.

परतताना बागेतून वाट होती. फांद्यांखाली सफरचंदांचे ढीग लागले होते, आंबूस वास सुटला होता. लीया मध्येच थांबली.

"आई, तुझ्या डोळ्याचं बेट्सीनं कळवलंय मला."

"तिचं तोंड शिवायला हवं."

"मी येते तुझ्याबरोबर. गाठोडं बांधून ठेवलंय. एलायशी बोललेय मी. बाळंतपण तिकडंच करीन, मग बघू पुढं. तो हवं तर येईल मागून." ती खाली बघत होती. "तू न्यायलाच आलीस ना?"

थिर्झानं मागं वळून पाहिलं. झाडांमधून उतार दिसत होता, वर एलाय आणि ते तीन घोडे, आता बोटाएवढे. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. म्हणायचंसुद्धा नव्हतं, नुसतं हो म्हणायचं होतं.

"न्यायला?" ती म्हणाली. "तुला ठेवू कुठं? बेट्सीची धाकटी येते आता माझ्याकडं. काय हात आहे पोरीचा. तुझ्याहून झपाझप चालतो."

"बेट्सीनं तसं काही लिहिलं नाही."

"स्वतःच्या पोरीचं कौतुक कोण लिहितं."

लीयानं तिच्याकडं नीट पाहिलं. दोघींपैकी कुणालाच खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं ते ओळखणं अवघड नव्हतं.

"आई."

"मला इथं ताटकळत ठेवू नको, थंडी वाजतेय," थिर्झा म्हणाली, आणि काही वेळानं, पुढं बघतच, "उन्हाळ्यात येईन. पोराला बघायला. दारात उभी करशील ना मला?"

लीयानं शालीचं एक टोक आईच्या खांद्यावर टाकलं, आणि दुसरं टोक आपल्याच अंगावर राहू दिलं, म्हणून दोघींना घरापर्यंत चिकटून चालावं लागलं.

आर्डबरीच्या स्टेशनात गाडी आली तेव्हा एलायनं तिला डब्यात चढवलं. लीया फलाटावर उभी राहिली, पोटावर हात ठेवून. डब्यात खिडकीशी एक जागा रिकामी होती, पण ती इंजिनाकडं तोंड करून होती. समोर एक जाड गृहस्थ बसला होता.

"साहेब, तुमची जागा मला द्याल का?"

"ही? उलटी आहे बाई. चक्कर येते माणसाला."

"चालेल. मला मागं तोंड करून बसायचंय."

त्यानं खांदे उडवले आणि जागा बदलली. गाडी हलली. आधी फलाट गेला, मग चर्चचा मनोरा गेला, पण टेकड्या कितीतरी वेळ जाईनात. त्या नुसत्या लहान होत गेल्या, मग निळ्या, मग फिक्या. पुढं कारखान्यांचा धूर लागला आणि काच काळवंडू लागली. थिर्झानं बाही हातावर ओढून काच पुसली, जोर देऊन, पुन्हा पुन्हा. काजळी बाहेरच्या बाजूनं होती.