बिनपासाचा नवरा

बावीस वर्षं मी या हॉस्पिटलच्या फाटकावर वॉचमन आहे, आणि एका पासावर दोन माणसं मी कधी आत सोडली नाहीत. मोठ्या डॉक्टरांच्या सासूबाईंनाही नाही. हवं तर विचारा त्यांना, अजून शिव्या घालतात. एकदा माझा विसरलेला डबा घेऊन बायको आली, तर तिलाही चारचौघांत विचारलं, "पास आहे?" वीस मिनिटं उन्हात उभी केली. लोकांनी माझं नाव 'कुलूप' ठेवलंय. मला त्याचा अभिमान होता. होता म्हणतोय, लक्षात घ्या.

परवा बायको ऍडमिट झाली. पित्ताशयात खडे, ऑपरेशन आज अकराला. काल संध्याकाळी ती म्हणाली, "भीती वाटते हो." आणि मी, अक्कल गहाण टाकून, बोललो, "खड्यांना काय घाबरायचं? इथे रोज दहा होतात." ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मला रात्रभर डोळा लागला नाही. तिला आत नेण्याआधी गाठायचं आणि चुकलो म्हणायचं, बस्स.

साडेनऊला फाटकावर पोचलो. रजा होती, म्हणून साध्या कपड्यांत. पास मोठ्या मेहुणीकडे, मेहुणी वॉर्डात, आणि तिचा फोन बंद. फाटकावर नवी वॉचमनबाई. महिनाभर मीच तयार केलेली.

"पास?"

"अगं बाई, मी आहे!"

"दिसतंय की. पास?"

"मी स्टाफ आहे."

"ड्युटीवर नसलेला स्टाफ म्हणजे पब्लिक. तुमचंच वाक्य, दादा. वहीत लिहून ठेवलंय."

"अकराला माझ्या बायकोचं ऑपरेशन आहे!"

"सगळ्यांच्याच बायकोचं असतं. हेही तुमचंच."

करावे तसे भरावे, दुसरं काय!

समोरच्या दुकानातून औषधाची पिशवी आणली. "आतून अर्जंट मागवलंय." तिने पिशवी उघडली. आत खोकल्याच्या गोळ्या. "अर्जंट खोकला?" रांगेतले लोक फिदीफिदी हसले. त्यांत एक म्हातारा होता, त्याला गेल्या आठवड्यात मी तीनदा परत पाठवलं होतं. तो सगळ्यात मोठ्यानं हसला. मग लंगडत लंगडत अपघात विभागाकडे निघालो, तर मागून बाईचा आवाज, "दादा, पाय बदलला तुमचा!"

दहा वाजून गेले. माझं तोंड बघून म्हाताऱ्याला दया आली असावी. कानाशी येऊन म्हणाला, "रक्त द्यायला आलोय म्हणा. त्याला पास लागत नाही. मी दोनदा तसाच गेलोय, तुमच्या नाकाखालून." बावीस वर्षं, आणि हे भोक मला ठाऊक नव्हतं! हसू की रडू कळेना.

"जा," वॉचमनबाई म्हणाली, "पण खरंच द्यायचं. मी रक्तपेढीत फोन करून विचारणार." आणि केला की हो फोन! शिष्या कुणाची?

आता खरं सांगतो. सुई बघितली की माझे हातपाय गळतात. खड्यांना काय घाबरायचं म्हणणारा मी, डोळे गच्च मिटून असा ओरडलो, "आई गं!" की शेजारचा रक्तदाता उठून बसला. बाटली भरली. टेक्निशियन म्हणाला, "पंधरा मिनिटं पडून राहा." घड्याळात पावणेअकरा. पडून कसला राहतोय! बिस्किटाचा पुडा मुठीत धरून जिना चढलो.

वॉर्डात मेहुणी खुर्चीत घोरत होती, मांडीवर पास. बायको स्ट्रेचरवर. हिरवा गाऊन, ओठ सुकलेले. एवढीशी दिसत होती. तिला बघितलं आणि सगळा वॉर्ड गरगरला. स्ट्रेचरची दांडी धरून मी खालीच बसलो.

"चुकलो गं," मी म्हणालो. "मला साध्या सुईची भीती वाटते. आणि तुला शहाणपण शिकवत होतो."

तिने माझ्या दंडाखालच्या पट्टीकडे बघितलं, मग घामानं भिजलेल्या तोंडाकडे. वॉर्डबॉय स्ट्रेचर न्यायला आला.

"पास आहे?" तिने विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"मग हात धरा गुपचूप," ती म्हणाली, "कुणी हाकलायच्या आत."