जुव्याच्या टोकाला

प्रियांकाने दुर्बीण डोळ्यांवरून काढली तेव्हा शेजारच्या खडकावर सासऱ्यांच्या नुसत्या चपला होत्या.

आत्ताच तर गुरुदास तिच्या खांद्याला हात लावून सुरूच्या शेंड्यावरचं घरटं दाखवत होते. समुद्रगरुड पायांत वळवळता साप धरून आला आणि ती बघतच राहिली होती.

"बाबा!" तिने हाक मारली. लाटांच्या आवाजात ती तिलाच ऐकू आली नाही.

गेल्या वर्षापासून गुरुदासांना विसर पडू लागला होता. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं. पक्षी तेवढे लक्षात होते. म्हणून नवऱ्याला, निलेशला, रजा मिळाली नाही तरी ती एकटीच त्यांना घेऊन तोंडवलीजवळच्या या जुव्यावर, खाडीतल्या छोट्याशा बेटावर, राहायला आली होती. ज्यांच्याकडे दोघं उतरली होती त्या तुळसाताईंनी निघतानाच बजावलं होतं की टोकाकडची वाट वाळूवरून जाते, भरती लागली की बुडते, तेव्हा बेगीन परता. आता वाळूच्या दोन्ही कडांनी पाणी आत सरकत होतं. मोबाइलला रेंज नव्हती.

ती कालवं चिकटलेल्या खडकांवरून धावली, घसरून पडली, तळहात कापला. पलीकडे गुरुदास गुडघाभर पाण्यात समुद्राकडे तोंड करून उभे होते. तिने जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी तो हिसडून सोडवून घेतला.

"कोण गो तू? माका खंय नेतंस?"

"बाबा, मी प्रियांका. चला, पाणी चढतंय."

ते मागे सरले, आणखी खोलात. तिने पाऊल पुढे टाकलं की ते एक मागे टाकत. पाणी त्यांच्या मांड्यांना लागलं. ओढायला जावं तर तोल जाऊन लाटेत पडतील.

ती थांबली. पुढे केलेले हात तिने खाली सोडले.

"काका," ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "मी वाट चुकले हो. मला फार भीती वाटते. त्या माडांपर्यंत सोडाल का मला?"

गुरुदासांनी तिला न्याहाळलं. तिचा रक्ताळलेला तळहात पाहिला. चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. मग ते स्वतःहूनच पाणी कापत आले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"भिया नको. चल माझ्या वांगडा."

वाळूवर घोटाभर पाणी आलं होतं. ते पुढे, ती मागे. ते भलतीकडे वळू लागले की ती मनगट किंचित फिरवून त्यांना वाटेवर आणी. मध्येच एक मोठी लाट आडवी आली, तेव्हा त्यांनी तिला लेकरासारखं अंगाशी घट्ट धरलं.

माडाखालच्या कोरड्या जमिनीवर पोचल्यावरच त्यांनी तिचं मनगट सोडलं.

"हंयसर बस," ते म्हणाले. "माझी सून येतली आता. तिका सांगतंय, तुका घराक पोचवतली. बरा चेडू आसा ता, गुणी पोर."

प्रियांका त्यांच्या शेजारी बसली. दोघंही वाटेकडे बघत राहिली.