गोड पाण्याचा पहिला धडा

चंपतने आयुष्यात एकही पोरगी पटवली नव्हती. ही गोष्ट अख्ख्या इचोड्यात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस खुद्द चंपत होता. बाकीच्यांच्या मते निर्मलपासून आदिलाबादपर्यंत त्याने एकही बस स्टँड कोरडा सोडला नव्हता.

झालं होतं एवढंच. नव्वद सालच्या आसपास एका बाजाराच्या दिवशी किनवटच्या बसमधून एक चष्मेवाली पोरगी उतरली, थेट चंपतकडे आली, त्याच्या हातावर टाळी दिली, आणि तिची पुढची बस लागेपर्यंत दोघं खिदळत उभे राहिले. जाताना तिने चिक्कीचा पुडा त्याच्या खिशात कोंबला. ती सुभद्रा, त्याची सख्खी मावसबहीण. पण ‘ही कोण’ असं कोणी विचारलंच नाही. समोरच्या भाड्याच्या सायकलींच्या दुकानातून विठ्ठलरावाने विचारलं ते भलतंच.

"काबे चंपत, पह्यल्याच भेटीत खिशात हात? जमवलं कसं?"

चंपत तेव्हा इंटरमध्ये, म्हणजे बारावीत, दोनदा नापास झालेला होता. ‘जमवलं कसं’ हा प्रश्न तोवर त्याला कोणी कशाबद्दलही विचारला नव्हता. तो नुसता हसला. त्या हसण्याने त्याचं वाटोळं केलं.

दुसऱ्या दिवशी दोन पोट्टे भेटायला आले, तिसऱ्या दिवशी पाच. विठ्ठलरावाने ट्यूब आणि पंक्चरचं सामान हलवून मागची खोली रिकामी केली, बाहेर पाटी लावली, ‘चंपत पटवणी क्लास, खात्रीशीर’, आणि आपला हिस्सा ठरवून घेतला. आता पोट्ट्यांना शिकवायचं काय? चंपतने एका दुपारी बसून दहा धडे रचले. त्यातला पहिला सगळ्यात गाजला. पोरगीला इचारायचं, "तुमच्या गावचं पाणी गोड हाय का जी?" पाण्याची चौकशी करणाऱ्याला कोणाचाच भाऊ मारत नाही, हा त्यातला शास्त्रीय भाग. पोरगी ‘हो’ म्हणाली की जरा थांबायचं, तिच्याकडे पाहायचं, आणि म्हणायचं, "तरीच."

‘तरीच’च्या पुढे काय, हे चंपतला माहीत नव्हतं. पोट्टे विचारत तेव्हा तो म्हणे, ते दुसऱ्या धड्यात. दुसऱ्या धड्यात कंगवा कसा धरायचा ते होतं.

धंदा मात्र वाढत गेला. कॅसेट निघाली, एका बाजूने मराठी, दुसऱ्या बाजूने तेलुगू. तेलुगू बाजू वाचायला जो माणूस मिळाला तो बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करणारा होता, त्यामुळे ‘तरीच’च्या जागी येणाऱ्या तेलुगू शब्दानंतर सवयीने ‘प्लॅटफॉर्म नंबर दोन’ आलं. पोट्ट्यांनी तेही पाठ केलं. मग ‘चंपत सेंट’ निघालं. पोरींवर त्याचा काय परिणाम झाला ते कळलं नाही, बकऱ्यांवर मात्र झाला. सेंट लावून पोट्टा बाजारातून निघाला की मागे बकऱ्यांची रांग. शेवटी सगळा माल बकऱ्यांच्या एका व्यापाऱ्याने उचलला, आणि चंपतच्या उद्योगांपैकी तेवढाच एक खऱ्या अर्थाने यशस्वी झाला. क्लासची एक शाखा इंद्रवेल्लीलाही निघाली, तिथे एकच विद्यार्थी आला, जंगल खात्यातला गार्ड. त्याला स्वतःचीच रुसलेली बायको मनवायची होती. चंपत शिकवायला पोचण्याआधीच ती मानली, आणि शाखा बंद पडली.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग एका उन्हाळ्यात पोट्टे हाताला फोड घेऊन क्लासला यायला लागले.

"गुरुजी, धड्यात गडबड हाय," एकजण तळहात दाखवत म्हणाला.

"काऊन? काय झालं?"

"मंडल ऑफिसात पाणी खात्याची नवीन मॅडम आली ना, दमयंती मॅडम. तिले इचारलं, पाणी गोड हाय का. तर म्हणे, पाहू ना चला. अन् बोरिंगचा दांडा हातात देल्ला. दुपारवरी हापसून राह्यलो."

"मंग ‘तरीच’ म्हटलं का नाई?"

"बोलाले दम कुटं होता जी?"

सरकारने दमयंतीला गावोगावच्या बोरिंगचं पाणी बाटलीत भरून तपासायला पाठवायचं काम दिलं होतं. बाटल्यांची पेटी दिली होती. बाटली भरण्याआधी बोरिंग बराच वेळ हापसून जुनं पाणी काढून टाकावं लागतं, त्यासाठी माणूस मात्र दिला नव्हता. तो माणूस आता रोज आपल्या पायाने, भांग पाडून, तिच्यापर्यंत येत होता.

चंपत तावातावाने निघाला. इचोड्याबाहेरच्या शाळेजवळ बोरिंगवर दमयंती उभी होती. डोक्यावर ओढणी, हातात बाटली, आणि चेहरा मंडल ऑफिसच्या शिक्क्यासारखा. चंपतने तिच्याकडे पाहिलं आणि आपण भांडायला आलो होतो हे तो विसरला. मग बोलायला काय आलो होतो हे आठवायला लागला. डोक्यात दहा धडे सोडून काहीच नव्हतं.

"तुमच्या गावचं..." त्याच्या तोंडून निघालं.

"पाणी गोड हाय का. हापसा," दमयंती म्हणाली.

तो हापसू लागला. थोड्या वेळाने त्याने खिशातून कंगवा काढला.

"तो दुसरा," ती म्हणाली. "दोनी हातानं हापसा."

तिसऱ्या धड्यात दूर पाहून उसासा टाकायचा होता. त्याने टाकला. दमयंतीने तिकडे वळूनही पाहिलं नाही. चौथा, पाचवा, सगळे तिला तोंडपाठ होते, काही तर चंपतपेक्षा चांगले. मंडलातल्या प्रत्येक पोट्ट्याने तिला ते ऐकवले होते. चंपतला पहिल्यांदा नीट कळलं की आपण आपलं सगळं बोलणं विकून बसलो आहोत. स्वतःसाठी घरात एक वाक्य ठेवलं नाही.

तो दुसऱ्या दिवशीही गेला, तिसऱ्याही, चौथ्याही. रात्री ठरवून जाई की उद्या आपलं स्वतःचं काहीतरी बोलू. बोरिंगपाशी पोचला की नुसता दांडा चालू. चौथ्या दिवशी घामाघूम होऊन तो एवढंच म्हणाला, "ऊन लय हाय."

"हो," दमयंती म्हणाली. "हे नवीन हाय. कोणत्या धड्यातलं?"

त्या संध्याकाळी चंपतने विठ्ठलरावाला सांगितलं, की रीतसर मागणी घालायची. विठ्ठलराव धुतलेलं धोतर नेसून त्याच्याबरोबर गुडीहत्नूरला गेला. दमयंतीचे वडील केशवराव तहसीलमध्ये हयात घालवून रिटायर झालेले. त्यांनी दोघांना चहा दिला आणि चष्मा पुसून चंपतकडे असं पाहिलं, जणू तो दोन भावांच्या भांडणातला बांध आहे.

"तुमची शोहरत आमच्या कानावर हाय," ते म्हणाले.

"सब झूट हाय जी," चंपत म्हणाला.

विठ्ठलरावाने बशी खाली ठेवली. "लाजून राह्यला पोट्टा," तो घाईने म्हणाला.

"लाजून नाई! मी एकबी पोरगी पटवली नाई. स्टँडवर आली होती ते माही मावसबहीण होती."

"सबूत?"

"ते सोता येऊन सांगन."

केशवरावांनी विचार केला. "जिथं गोष्ट घडली तिथंच गवाह हाजीर करा. इचोड्याच्या स्टँडवर, बाजाराच्या दिवशी. मौक्यावर तहकीकात होईन. खरं निघालं तर पोरगी देतो."

परत येताना बसमध्ये विठ्ठलराव फक्त एकदा बोलला. "लेका, सिद्ध झालं तर क्लास बुडते." चंपत म्हणाला, बुडू दे. त्याला इतकं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. इचोडा येईपर्यंत तो खिडकीतून प्रत्येक बोरिंगकडे मायेने पाहत होता.

बाजाराच्या दिवशी स्टँडवर पाय ठेवायला जागा उरली नाही. केशवराव स्टुलावर बसले. दमयंती बाटल्यांची पेटी घेऊन कामावर निघाली होती, ती मागे थांबली. किनवटच्या बसमधून सुभद्रा उतरली, सोबत नवरा उद्धवराव. आल्या आल्या तिने कमरेला पदर खोचला.

"हा माह्या मावशीचा पोट्टा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लहानपणी याचं नाक मीच पुसत होती. हा कोणाले पटवते? याले किराण्यात उधारी मांगता येत नाई! मीच बोलली होती, मीच टाळी देल्ली होती, चिक्कीबी माहीच होती!"

चंपतने डोळे मिटले. पाच वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं.

मग विठ्ठलरावाचा भरून आलेला आवाज ऐकू आला.

"पाहा गा! नवऱ्याच्या समोर बाईले भाऊ म्हणाले लावलं! असा माणूस सात जिल्ह्यात हाय का?"

टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी मारली.

"अवो, खरंच बहीण आहो मी!" सुभद्रा ओरडली.

"लय पक्की शिकवली हो," मागून एकजण कौतुकाने म्हणाला.

"लग्नात दिसले नाईत हे," उद्धवराव हळूच म्हणाले.

"टायफाइड झाला होता!" सुभद्रा आणि चंपत एकदम म्हणाले.

"दोघाईचं एकच बयान, एकाच दमात," केशवराव म्हणाले. "शिकवलेला गवाह."

उद्धवरावांनी चंपतला रसवंतीच्या आडोशाला ओढलं. चंपत मार खायच्या तयारीत उभा राहिला. उद्धवराव इकडेतिकडे पाहून कुजबुजले, "तुमी साळे असान नाईतर नसान, मले काई नाई. बायको महिनाभर बोलत नसन तर कोणता धडा लागते?"

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. दमयंती पेटी खाली ठेवून पुढे आली होती.

"बाबा, हा माणूस खरं बोलून राह्यला," ती म्हणाली. "याले काईच येत नाई. चार दिवस माह्यासमोर बोरिंग हापसली, एक वाक्य धड निंगालं नाई तोंडातून. ऊन लय हाय म्हणे. एवढंच."

जन्मात चंपतचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं. त्याने आशेने केशवरावांकडे पाहिलं.

केशवराव मुलीकडे पाहत होते. त्यांनी चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला.

"हिलेबी पटवलं," ते खोल आवाजात म्हणाले. "माह्या पोरीले. दरखास्त खारिज."

पोट्ट्यांनी चंपतला खांद्यावर उचललं. तो हातपाय झाडत होता, ओरडत होता, "अबे सोडा, मी हरलो बे!" आणि खालून विठ्ठलराव सगळ्यांना समजावत होता, "हे नम्रता हाय. ध्यानात ठेवा."

दुसऱ्या दिवशी चंपतने पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि खोलीला कुलूप लावलं. कुलपासमोर संध्याकाळपर्यंत चाळीस-पन्नास पोट्टे नाव नोंदवायला बसून होते. तो मागच्या वाटेने शाळेजवळच्या बोरिंगवर गेला. दमयंती होती. रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली केशवराव छत्री घेऊन बसले होते. मुलगी आता त्यांच्या नजरेखाली काम करणार होती.

चंपतने दांडा धरला.

"क्लास बंद केला म्हून सांगाले आलो," हापसता हापसता तो म्हणाला.

"ऐकलं. पोट्टे त्याले अकरावा धडा म्हणून राह्यले."

त्याने दात खाऊन दांडा खाली दाबला. दमयंतीने बाटली धुतली, भरली, झाकण लावलं. मग बाटलीवरच्या चिठ्ठीकडे पाहत, लिंबाखाली ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, "तुमच्या घरचं पाणी गोड हाय का जी?"

चंपत थांबला. हे खात्याकडून विचारलं की कसं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

"नाई," तो म्हणाला. खरं तेच सांगितलं. "मचूळ हाय."

दमयंतीने त्याच्याकडे पाहिलं. जरा थांबली.

"तरीच," ती म्हणाली.

चंपत दांडा धरून उभा राहिला. ‘तरीच’च्या पुढे काय येतं, हे अख्ख्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक असायला हवं होतं तर ते त्याला. रस्त्यापलीकडे केशवरावांनी खाकरून छत्री मिटली.

"हापसा," दमयंतीने पेटीतून दुसरी बाटली काढली.