आत पेंढा, वरून चिखल

कमळाकर देवस्थळींना त्या दिवशी फक्त सही करून घरी जायचं होतं. १९९४ सालचा मे महिना, निवृत्तीला चार महिने उरलेले. खांदा कॉलनीतून आपटा रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडपर्यंत स्कूटरने येता येताच अंगातलं त्राण गेलं होतं.

शेडमध्ये एका नव्या अणुवीज केंद्रासाठी लोखंडी चौकटी बनत. केबल जिथे भिंतीतून आरपार जातात तिथे त्या बसायच्या, आणि केबलसाठीच्या नळ्यांभोवतीची पोकळी इथेच आग न पकडणाऱ्या पुट्टीने पूर्ण भरायची. केंद्राच्या वतीने माल तपासणं हे कमळाकरांचं काम; पहिल्या वीस चौकटी त्यांनी गेल्या महिन्यात पास केल्या होत्या. एका बाजूला उदबत्ती धरली, धूर पलीकडे गेला नाही, सही केली. आज पुढच्या वीस.

"ट्रक उभा आहे, काका," शेडचा मालक कुमार म्हणाला. "तुळशीरामच्या हातचं काम. डोळे मिटून सही करा."

तुळशीराम शेवटची चौकट लिंपत होता. शेजारी चिंध्यांचं बोचकं.

"हे कशाला रे?"

"आत कोंबायला. आमी मिठागरावर बांधाचं भोक असंच बुजवतो, साहेब. आत पेंढा ठासायचा, वरून चिखल. थेंब येत नाय. तुमची निम्मी पुट्टी पन वाचली."

कमळाकरांनी पुट्टीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. दोन बोटं गेल्यावर तो भसकन आत शिरला.

"पहिल्या वीसमध्येही?"

"हां मंग. सगल्यांत."

कमळाकर स्टुलावर बसले. थकले तरी समजावून सांगायची सवय काही सुटत नव्हती. त्यांनी चिंधीला काडी लावली, ती भडकली. पुट्टीच्या गोळीला लावली, ती नुसती काळवंडली.

"अणुभट्टी बंद केली तरी कितीतरी दिवस आतून तापतच राहते, तुळशीराम. तिच्यात पाणी खेळवणारे पंप चालू ठेवावेच लागतात. म्हणून पंपांच्या केबल दोन वेगळ्या खोल्यांतून नेतात. एकीत आग लागली तर दुसरी वाचावी. आणि मधल्या भिंतीत तुझी चौकट. तू पाणी अडवलंस, धूर अडवलास. आग अडणार नाही."

तुळशीरामची मान खाली गेली. "मना कोनी सांगलंच नाय."

"खरं आहे. मीही विचारलं नाही."

कुमारने त्यांना बाजूला घेतलं. "हा माल आठ दिवसांत परत भरून देतो. पण जुन्या चौकटी तिकडे भिंतीत बसल्यासुद्धा. त्या उकरायला लावल्यात तर आधी तुमचीच सही निघेल. चार महिन्यांसाठी चौकशी मागे लावून घेणार? पेन्शन अडकेल."

कमळाकरांना ते ठाऊक होतं. पस्तीस वर्षांत कागदावर एक शेरा नव्हता. पहिल्या वीस तपासल्या त्या दिवशीही असंच दमायला झालं होतं, म्हणून उदबत्तीवर भागवलं होतं.

"कागद दे."

"काका, विचार करा जरा."

"विचार करायला बसलो तर उठायचो नाही. दे."

त्यांनी सावकाश लिहिलं: पहिल्या वीस चौकटी मी अपुऱ्या तपासणीवर पास केल्या. केंद्र सुरू होण्याआधी प्रत्येक उघडून पाहावी. चूक माझी आहे. खाली सही केली आणि कागद स्वतःच्याच बॅगेत ठेवला. तो कुणावर न सोपवता उद्या स्वतःच केंद्रात नेऊन द्यायचा होता.

ट्रक रिकामा परत गेला. तुळशीराम चिंध्या उपसत होता.

"किती खोल भरायची, साहेब?"

"आरपार." कमळाकरांनी बाह्या सरसावल्या. "सरक जरा. पहिली चौकट दोघं मिळून भरू."