उत्तरं शेवटच्या पानांवर

भाचीनं आणलेलं तिसरं पुस्तकही आत्यानं मधूनच उघडलं, दोन पानं वाचली आणि बाजूला सरकवलं. मायक्रोवेव्ह लहरींच्या विषयाला कुठलं पुस्तक घ्यावं हे विचारायला पोरगी कॉलेजातून थेट इकडे आली होती. आत्याचा सगळा जन्म अँटेना बनवण्यात गेलेला. पोरीचे बाबाही त्याच धंद्यातले, पण तेच म्हणाले होते, पुस्तकांमधलं आत्याला जास्त कळतं. आत्यानं ते पोरीला पुन्हा एकदा सांगायला लावलं होतं.

निकाल मात्र तिनं झटपट लावला. पहिल्यात नुसती समीकरणं, दुसऱ्यात चित्रं भरपूर आणि गणितं नावाला, तिसरं शिकवणाऱ्यांसाठी लिहिलेलं. मग उठून तिनं कपाटातून सुतळीनं बांधलेलं एक पुस्तक आणलं.

"हे वाच. यानं विषय डोक्यात उतरतो."

"पण हे तर अर्धंच आहे, आत्या."

अर्धंच होतं. आत्या आणि तिचा भाऊ, म्हणजे पोरीचे बाबा, जुळे, एकाच वर्गात. परीक्षा तोंडावर आली आणि पुस्तकावरून अशी ओढाताण झाली, की भावानं भाजी चिरायच्या सुरीनं त्याचे सरळ दोन तुकडे केले. पुढचा भाग हिचा, मागचा त्याचा. उत्तरं शेवटच्या पानांवर, म्हणजे त्याच्याकडे. नोकऱ्या लांब लांब लागल्या तरी एखादं गणित सोडवलं की ही फोन करायची, तो उत्तर वाचायचा, आणि मग तासभर भलत्याच गप्पा. काय दिवस होते ते! पुढे आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून शब्दाला शब्द वाढला आणि बोलणंच बंद झालं.

भाचीनं चौथ्या प्रकरणातलं सातवं गणित काढलं. दोन वेगळ्या जातीच्या केबलींमध्ये किती ओहमचा तुकडा जोडला म्हणजे लहर मागे फिरणार नाही? दोघींनी मिळून सोडवलं. पंचाहत्तर ओहम.

"बरोबर आहे का पण?"

आत्यानं फोन घेतला. नंबर अजून तोंडपाठ होता. भाऊ उचलेल की नाही ही धास्ती होतीच, तरी तिनं तो लावला.

"चौथं प्रकरण, सातवं गणित," ती एकदम म्हणाली.

पलीकडून खुर्ची सरकल्याचा, पानं उलटल्याचा आवाज.

"पंचाहत्तर ओहम," भाऊ म्हणाला. "तुझं किती आलं?"

आत्यानं समोरच्या कागदावर हात ठेवला.

"माझं वेगळंच येतंय रे. उद्या परत करून बघते, आणि फोन करते."

"कर. संध्याकाळी घरीच असतो मी."

भाचीनं पान उलटलं आणि आठवं गणित वाचायला घेतलं.