डावीकडची चकती फिरत नव्हती

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. मला तोंड नाही, आणि त्याचं मला कधी फारसं दुःखही झालं नव्हतं. पण १९९८च्या एप्रिलमध्ये तीन दिवस असे आले, की मी आतल्या आत नुसता किंचाळत होतो!

माझा जन्म जपानचा. महाडच्या इस्माईलमामूंनी मला कुवेतच्या दुकानातून घरी आणलं. सुरुवातीला काय थाट होता माझा! ईद असो, साखरपुडा असो, "सरका, कॅमेरा आला," म्हणत माणसं वाट करून द्यायची. मग मामू परत नोकरीवर गेले आणि मी कपाटात गेलो. सहा वर्षं डांबरगोळ्यांच्या वासात! कातडी पिशवीला बुरशी आली, तरी कुणी फडकं फिरवलं नाही.

मामूंची भाची हफिजा नववीची परीक्षा संपवून मोकळी झाली आणि तिनं मला बाहेर काढलं. सुटीवर आलेले मामू लगेच म्हणाले, "खेळणं नाय हाय ते. पुढच्या शुक्रवारी जाताना घेऊन जातो, तिकडं विकून टाकतो."

"आणि मी चांगला फोटो काढून दाखवला तर?"

"एकच दाखव. पण बघणाऱ्याचा चहा थंड झाला पाहिजे! मग कॅमेरा तुझा."

विकला जाणार की हफिजाचा होणार? माझा सगळा फैसला आता एका फोटोवर आला होता.

बाजारातल्या स्टुडिओवाल्या श्रीपतकाकांनी पासपोर्ट फोटोंसाठी ठेवलेला शेवटचा काळापांढरा रोल तिला दिला. म्हणाले, "यात रंग मदतीला येत नाय हां. लाल ओढणी, हिरवं शेत, सगळं राखाडी होणार. उजेड नि सावली कुठं भांडतायत ते बघ."

झालं! हफिजाच्या डोळ्यांतून रंगच गेले. वहीत विषयांची रांग लागली. म्हशीवरचा बगळा. चुन्याच्या भिंतीवर सायकलची सावली. सावित्री नदीच्या काळ्या खडकांवर वाळणाऱ्या चादरी. कशेडी घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली लावलेला पांढरा दगड.

पण मित्रांनो, गडबड सुरुवातीलाच झाली होती. आमच्याकडे तेव्हा एक शहाणपण घरोघरी चालायचं. रोलचं टोक जेमतेम अडकवायचं, म्हणजे छत्तीसच्या रोलमधून अडतीस फोटो निघतात! हफिजानंही तेच केलं. नखाएवढं टोक अडकवलं, झाकण लावलं, रोल पुढे सरकवायचा खटका ओढला आणि टोक निसटलं. रोल जागच्या जागी! माझा आकडा मात्र इमानदारीनं पुढे सरकत होता. एक, दोन, तीन...

बगळा उडाला, तिनं बटण दाबलं. गेला! चादरी फुगल्या, तिनं बटण दाबलं. गेल्या! खटका ओढला की रोलबरोबर माझ्या डावीकडची चकतीही फिरायला हवी. ती ढिम्म होती. अगं, डावीकडे बघ! पण ती पुढचा विषय शोधत पुढे पळत होती.

तिसऱ्या दिवशी ती कापडे गावाला पोचली, वर्गमैत्रीण अंकिताकडे. त्या दिवशी अंकिताची आजी प्रयागबाई राब भाजणार होती. भाताचं बी पेरायच्या जागेवर शेण, कवळ म्हणजे छाटलेल्या डहाळ्या, पाला आणि माती अंथरायची आणि जाळायची. वर्षातून एकदाच. हफिजानं वहीत त्याच्याखाली तीन रेघा ओढल्या होत्या.

"सदतीस झाले! अडतीस! एकोणचाळीस!" ती नाचायलाच लागली.

"कोंबडी हाय का कॅमेरा?" अंकिता म्हणाली. "अंडी घालायचं थांबतच नाय गो!"

प्रयागबाई काडेपेटी घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. "पोरी, इकडचा खटका ओढतेस, मग तिकडचं चाक का गो हलत नाय? रहाट फिरला नि दोर आलाच नाय, तर घागर कुठली वर येणार?"

हफिजाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं खटका ओढला. चकती ढिम्म.

आता काय? झाकण उघडलं आणि रोल नीट लागलेला असला, तर उजेडानं सगळे फोटो जळणार. नाही उघडलं आणि रोल निसटलेला असला, तर फोटो मुळात नाहीतच! शुक्रवार तीन दिवसांवर. तिनं माझं झाकण घट्ट दाबून धरलं.

"अंधार पाहिजे," ती म्हणाली. "एकदम काळोख."

"घोंगडी हायत," प्रयागबाई म्हणाली. "पण मी थांबायची नाय हां. वारा पडलाय तोवर भाजून घ्यायला पायजे. तो काय माझा जावई नाय, बस म्हटलं की बसायला."

घराच्या कोपऱ्यात, दोन काळ्या घोंगड्यांखाली हफिजानं माझं झाकण उघडलं. बोटांनी चाचपलं. गुंडाळायची दांडी रिकामी! तीन दिवसांतला एकही फोटो नव्हता. ती हुंदका देऊन थांबली. मग तिच्या लक्षात आलं, म्हणजे रोल कोराच आहे!

बाहेर पाला तडतडू लागला. "पेटला गो, लवकर!" अंकिता ओरडली. घामानं बोटं घसरत होती. एकदा टोक सुटलं. दुसऱ्यांदा सुटलं. तिसऱ्यांदा तिनं दोन फोटोंचा लोभ सोडला, चांगलं वीतभर टोक दांडीवर गुंडाळलं आणि झाकण लावलं. खटका ओढला. चकती फिरली! मित्रांनो, मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

ती धावत सुटली, पण पोचेपर्यंत राब विझला होता.

हफिजा बांधावर मटकन बसली. समोर काळीभोर जमीन, तिच्यावर पांढरी राख. कुठे निखारा उरलाय का ते बघायला प्रयागबाई काठीनं राख ढोसत, कडेकडेनं अनवाणी फिरत होती. राखेनं पोटऱ्यांपर्यंत पांढरी झालेली ती बाई काळ्या जमिनीवरून चालत होती, आणि तिच्या मागं पावलं उमटत होती.

हफिजा उठली. या वेळी तिनं आधी डावीकडे बघितलं. मग श्वास रोखला आणि बटण दाबलं. मग पुन्हा एकदा. बस, दोनच.

गुरुवारी संध्याकाळी तिनं श्रीपतकाकांनी धुऊन दिलेला फोटो मामूंसमोर ठेवला. ते बघत राहिले. कपातल्या चहावर साय धरली.

"ही कोण?" शेवटी त्यांनी विचारलं.

"प्रयागबाई. कापड्याची."

"तिला फोटो नेऊन दिलास?"

"नाय अजून."

"मग आधी तिला देऊन ये. आणि तुझा कॅमेरा घेऊनच जा. घरच्या सगळ्यांचा काढ म्हणेल ती, तेव्हा हात हलवत परत येशील काय?"

मित्रांनो, तुमच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर त्याला बाहेर काढा. फडक्यानं पुसा, रोल भरा, फिरवा. घाई असली तरी क्षणभर त्याच्याकडेही बघा. आम्हाला बोलता येत नाही. आमची एखादी चकती थांबलेली असते, आणि ती तुमच्या डोळ्यांची वाट बघत असते.