कोकिळाबाईंची दोन पानं

गंगाखेडच्या दिनकररावांनी पियानो घेतला तो संगीतासाठी नव्हे, पाथरीच्या माणिकरावांना मिळू नये म्हणून. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी, हैदराबादला निघून गेलेल्या एका बड्या अंमलदाराचं सामान परभणीत हर्रास झालं. दिनकरराव गेले होते आरामखुर्ची बघायला. तिथं माणिकरावांनी एका काळ्या चकचकीत धुडावर बोली लावली आणि दिनकररावांच्या तोंडून आपोआप वरची बोली निघाली. ती वस्तू काय आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. माणिकरावांना ते निदान कपाट तरी वाटलं होतं.

मालगाडीनं धूड गंगाखेडला आलं. आठ गड्यांनी शिव्या देत ते दिवाणखान्यात चढवलं. दिनकररावांच्या आई गोजरबाई यांनी झाकण उचलून आतल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांकडं पाहिलं.

"दात किडल्यावानी दिसायलंय," त्या म्हणाल्या. "खातंय काय हे?"

दारात घोडा असला की मालकाला बसता आलं पाहिजे, या न्यायानं दिनकररावांनी स्वतःच शिकायचं ठरवलं. पूर्णा जंक्शनच्या रेल्वे वसाहतीत पिंटोबाई नावाची शिकवणारी सापडली. नवरा गार्ड असल्यामुळं तिच्या तिकिटाची भानगड नव्हती. दर शनिवारी ती रेल्वेनं यायची.

"किती दिवसांत येईल, बाई?" दिनकररावांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"रोज एक तास बसलात, तर पाच-सहा वर्षांत थोडं थोडं."

दिनकरराव मनमोकळं हसले. बाई विनोदी आहे, हे त्यांनी गावभर सांगितलं.

तीन शनिवार ते शिकले. चौथ्या शनिवारी बोट दुखत होतं. पाचव्याला पेरणी आली. पेरणी गडी करायचे, पण ती आलेली कळली पाहिजे, म्हणून मालकांना शेतावर जावं लागलं. सहाव्या शनिवारी पिंटोबाई आल्या तेव्हा मालक कुठल्याशा निकडीच्या कामानं परभणीला गेले होते. घरात होती त्यांची बायको कोकिळा. बाविशीची, दोन लेकरांची आई. हातात फडकं घेऊन ती पियानो पुसत होती. घरानं त्या वाद्यापुरतं तिला दिलेलं काम तेवढंच होतं.

"बाई," ती दबकत म्हणाली, "मालकाचं तिसरं बोट दर बारीला शेजारच्या पट्टीवर पडत होतं ना? मी दारातून बघत होते."

पिंटोबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "फडकं ठेवा. बसा इथं."

कोकिळा बसली ती बसलीच. दुपारी जेवणं उरकून, भांडी आवरून, पुरुषमाणसं आडवी झाली की ती तासभर झाकण उघडायची. पहिलं वर्ष नुसती पाच बोटं वर न्यायची आणि खाली आणायची. दुसऱ्या वर्षी वही आली. पाच रेघांवर उडीद सांडावेत तसे ठिपके. त्या वहीच्या शेवटी दोन पानांची एक गत होती. ती नीट वाजवता आली की मग आपण बोलू, असं बाईंनी सांगून ठेवलं.

शेजारच्या बायनाबाईला कोकिळेची फार काळजी वाटे. "अजून शिकायलीच हायेस का गं? आमच्या जावंला शिवणयंत्र पंधरा दिसात आलं. झंपर बी शिवलं तिनं."

दिनकरराव मात्र पाहुण्यांना अभिमानानं सांगत, "आमच्या घरी पियानो चालू असतो." ऐकणाऱ्याला वाटावं, मालक पहाटे उठून वाजवत असतील.

एका पावसाळ्यात उंदरांनी आतल्या हातोड्यांवरची लोकरी बनात कुरतडली आणि मधल्या तीन पट्ट्या मुक्या झाल्या. दुरुस्तीचा माणूस मिळेपर्यंत दिवाळी आली. तोवर कोकिळा ते तीन सूर तोंडानं म्हणायची.

"पेटी मुकी झाली म्हणून देवाला नारळ फोडावा म्हणलं," गोजरबाई म्हणाल्या, "तर आता ही कोकलायली!"

छप्पन्न साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला. नव्या राज्याचे एक बडे साहेब तपासणीला आले आणि दिनकररावांनी त्यांना जेवायला बोलावलं. वरण-पोळीबरोबर त्यांनी बायकोचा पियानोही कबूल करून टाकला.

"दुसरं पान अजून बसलं न्हाई," कोकिळा म्हणाली. "वर्सभर थांबा."

"साहेब काय वर्सभर जेवत बसणार हायेत?"

ती वाजवायला बसली. पहिलं पान निभावलं. दुसऱ्यावर डावा हात भलतीकडंच गेला, मधल्या चार ओळी गळाल्या आणि ती कशीबशी शेवटाला पोचली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "वा! विलायतेत बसल्यासारखं वाटलं!" मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दिनकररावांनी हात जोडून त्या स्वीकारल्या.

कोकिळा स्वयंपाकघरात गेली ती कानशिलं तापलेली घेऊन. सात वर्षं घासलेलं आणि चुकलेलं, दोन्हीला टाळी एकच. मग घासायचं कशाला? तीन दिवस तिनं झाकण उघडलं नाही.

चौथ्या दुपारी तोंडावर पदर घेऊन पडलेल्या गोजरबाई म्हणाल्या, "आज बी न्हाई का?"

"कशाला, आत्याबाई? कुणाला कळतंय?"

"न कळायला काय झालं? त्या दिशी तू मधलं खाल्लंस. रोज तिथं खालून वर चढतीस, पुन्ना थांबून उतरतीस. साहेबापुढं चढलीच न्हाईस." गोजरबाईंनी पदर बाजूला केला. "सात वर्सं दुपारची झोपू दिलं न्हाईस मला. मला न्हाई कळायचं?"

 कोकिळा उठली आणि तिनं झाकण उघडलं. गोजरबाईंनी कूस बदलली. "हळू बडव."

आणखी तीन वर्षांनी नाताळात पिंटोबाईंनी तिला पूर्ण्याच्या रेल्वे वसाहतीत वाजवायला नेलं. दिनकरराव नवा कोट घालून पहिल्या रांगेत बसले. खोलीत तीस-चाळीस माणसं होती, आणि त्यातल्या निम्म्यांना वाद्य कळत होतं.  कोकिळेची दोन्ही पानं झाली. एका जागी बोट उशिरा पडलं, तरी ती थांबली नाही. मधल्या ओळी चढली, थांबली, उतरली. टाळ्या पडल्या, मोजक्याच. नंतर एक म्हातारे निवृत्त ड्रायव्हर काठी टेकत तिच्याजवळ आले.

"किती वर्षं शिकताय?"

"धा."

"उजवा हात छान आहे. डावा कच्चा. रोज बसलात तर आणखी पाच वर्षांत चांगलं वाजवाल."

"म्हातारं लय उद्धट हाय," परतीच्या गाडीत दिनकरराव धुमसत होते. "धा वर्सं! आन् म्हणं कच्चा! साहेब काय म्हणले होते, आठवतंय ना?"

कोकिळेला आठवत होतं. साहेबांच्या कौतुकानं तिची तीन दिवस अन्नावरची वासना गेली होती. आज मात्र तिला सपाटून भूक लागली होती. डबा उघडून ती दशम्या खायला लागली.

"जाऊ दे. आता शिकून झालं ना?" दिनकरराव म्हणाले. "ते धूड इकून रेडिओ घेऊ. बटण फिरवलं की वाजतंय. चुकत बी न्हाई."

"रेडिओ घ्या की," कोकिळा घास गिळून म्हणाली. "धूड ऱ्हाऊ द्या. आन् दुपारचा लावू नका. मला डावा हात बसवायचाय."